‘घरची तक्रार महिला मंडळातच मिटवा’ असे सांगणाऱ्या संदेशाविषयी

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने फोन करून विचारले की, बुधवारचा स्त्रियांचा बायबल अभ्यास तिने आता बंद करावा का. ती अनेक वर्षांपासून एका प्रेसबिटेरियन मंडळीत, म्हणजे निवडलेल्या वडिलांमार्फत (ज्येष्ठ कारभाऱ्यांमार्फत) कारभार चालणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, महिला मंडळाचे काम पाहते, आणि ‘महिला सेवेच्या पाच मर्यादा’ या नावाने सर्वत्र फिरत असलेला एक संदेश तिला त्याच सकाळी तिघांकडून आला होता. त्यातील म्हणणे थोडक्यात असे. महिला सेवा ही स्त्रीमुक्तीवाद्यांकडून उसनी घेतलेली आधुनिक कल्पना आहे. प्रेषित पौलाने गप्प राहण्यास सांगितले असल्यामुळे स्त्रियांनी मोठ्याने प्रार्थना करू नये आणि कोणालाही शिकवू नये. घरातील त्रास कोणी महिला मंडळात सांगितला, तर तो तिथेच मिटवावा. महिला मंडळ ही समांतर सेशन असते (सेशन म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी पाळक व वडील यांची सभा). आणि जिथे महिला मंडळ असते तिथे पुढेमागे स्त्री पाळक येतेच.

मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे अज्ञानातून आलेले असू शकतात, पण हा मुद्दा एखाद्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. नवरा मारहाण करतो असे एखादीने सांगितले, तर तिच्याबरोबर प्रार्थना करावी आणि तिला अधीन राहण्यास सांगावे. गोष्ट वडीलवर्गापर्यंत नेल्यास मत्तय १८:१५ मधील ‘एकान्तात’ या शब्दाचा भंग होतो, असे संदेशकर्त्याचे म्हणणे आहे. त्याने आणखी दोनच वचने वाचली असती, तर अपराधी ऐकत नसल्यास ‘मंडळीला कळव’ ही आज्ञा त्याला दिसली असती, आणि प्रेसबिटेरियन समजुतीप्रमाणे मंडळीला कळवणे म्हणजे सेशनला कळवणे. अधीनतेसाठी त्याने पेत्राच्या पहिल्या पत्रातील ३:१ दिले आहे. त्याच अध्यायाचे सातवे वचन पतीला उद्देशून आहे आणि पत्नीला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल असे ते बजावते. ते मात्र गाळले आहे.

संदेशकर्ता वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचे, म्हणजे प्रेसबिटेरियन मंडळ्यांच्या अधिकृत विश्वासपत्रकाचे, नाव दोनदा घेतो, म्हणून तीच उघडून पाहू. १६४६ साली पूर्ण झालेल्या या कबुलीचा २६ वा अध्याय सांगतो की, पवित्र जन एकमेकांच्या आत्मिक आणि ऐहिक हितासाठी सार्वजनिक व खासगी अशी दोन्ही कर्तव्ये करण्यास बांधलेले आहेत. ३० व्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या शिस्तीचा अधिकार तिच्या अधिकाऱ्यांच्या हाती आहे, आणि चुकलेल्याला परत मिळवणे व इतरांना तशाच अपराधापासून परावृत्त करणे हे त्या शिस्तीचे हेतू आहेत. आता ज्यांच्या हाती शिस्त आहे त्यांच्यापासूनच अपराध लपवून ठेवायचा असेल, तर शिस्त लावायची कोणी? ३१ वा अध्याय गैरकारभाराच्या तक्रारी स्वीकारून त्यांवर अधिकाराने निर्णय देणे हे सिनडांचे काम ठरवतो. म्हणजे सेशनने दाद दिली नाही, तरी तिच्या वर अनेक मंडळ्यांच्या एकाहून एक वरच्या सभा आहेत: प्रेसबिटरी आहे, सिनड आहे, महासभा आहे. या साखळीपाशी जाण्याचा हक्क मंडळीच्या सभासदत्वातून मिळतो, आणि स्त्रिया सभासद आहेत हे तर संदेशकर्ताही नाकारत नाही. शिवाय मारहाण हा केवळ मंडळीचा प्रश्न नाही. दुष्कर्म करणाऱ्यांना शिक्षा करण्यासाठी देवाने राज्यसत्ता नेमली आहे असे याच कबुलीचा २३ वा अध्याय म्हणतो, त्यामुळे पोलिसांकडे जाणाऱ्या स्त्रीला अविश्वासू ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा वेळी महिला मंडळाचे काम गोष्ट दाबून ठेवण्याचे नाही. तिला सुरक्षित जागी पोहोचवणे, निवेदन लिहिण्यास मदत करणे, आणि ती सेशनसमोर बोलत असताना तिच्या शेजारी बसणे हे ते काम आहे. पुरुष वडिलांना जे सांगायला तिची जीभ रेटत नाही, ते ती आधी एखाद्या स्त्रीला सांगते, म्हणून तर ही सेवा हवी.

आधुनिकतेच्या आरोपाला फार जागा देण्याचे कारण नाही. चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेसबिटेरियन मंडळीच्या महासभेने आर्चिबाल्ड चार्टरिस यांच्या पुढाकाराने १८८७ साली स्त्रियांचे गिल्ड, म्हणजे संघटना, स्थापन केले. त्याच्याही तीनशेहून अधिक वर्षे आधी, ज्याच्या शिकवणीतून प्रेसबिटेरियन परंपरा आली त्या धर्मसुधारक कॅल्व्हिनने, पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील विधवांविषयीच्या मजकुराच्या आधारे गरीब व आजारी लोकांची काळजी घेणे ही स्त्रियांची सार्वजनिक सेवा मानली होती. कॅल्व्हिन स्त्रीमुक्तीवादी होता असे संदेशकर्त्याला म्हणायचे असेल, तर त्याने ते उघड म्हणावे.

गप्प राहण्याच्या आज्ञेसाठी करिंथकरांस पहिल्या पत्रातील १४:३४ दिले आहे. परंतु त्याच पत्रात, ११:५ मध्ये, स्त्री प्रार्थना करते आणि संदेश देते हे पौल गृहीत धरतो व तिने मस्तक झाकण्याविषयी बोलतो. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावावा हा नियम विश्वासकबुलीच्या पहिल्याच अध्यायात आहे. तीताला पत्र २:३-४ तर वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे स्पष्टच सांगते, आणि मावशी बुधवारी नेमके तेच करते. पाळकपद आणि वडीलपद हा वेगळा वाद आहे. त्यावर प्रेसबिटेरियन मंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत, आणि तो मी इथे उकरून काढत नाही.

समांतर सेशनच्या आरोपात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. स्वतःचा निधी, स्वतःचे पदाधिकारी आणि कोणालाही हिशेब न देण्याची सवय असलेली महिला मंडळे मी पाहिली आहेत. महिला मंडळ हे मंडळीचे न्यायासन नव्हे; ते सेशनच्या देखरेखीखाली असले पाहिजे आणि त्याचा हिशेब सेशनपुढे गेला पाहिजे. पण हिशेब मागणे आणि मंडळच गुंडाळणे यांत फरक आहे. शिवाय ज्या संदेशाला महिला मंडळावर सेशनची देखरेख हवी आहे, त्यालाच महिला मंडळातील तक्रारी सेशनपासून दूर ठेवायच्या आहेत, ही विसंगती लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेली दिसत नाही.

राहिला पाचवा मुद्दा. चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांना वडीलपद १९६६ मध्ये आणि पाळकपद १९६८ मध्ये खुले केले, म्हणजे गिल्ड स्थापन झाल्यानंतर अनुक्रमे ७९ आणि ८१ वर्षांनी. इतक्या वर्षांत दोन महायुद्धे होऊन गेली, स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, विद्यापीठांची दारे उघडली. या सगळ्याला वगळून श्रेय गिल्डच्या बैठकांना द्यायचे असेल तर द्यावे. उलट १९७३ साली स्थापन झालेली अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्च इन अमेरिका ही मंडळी आजही स्त्रियांना पाळकपदाची वा वडीलपदाची दीक्षा देत नाही, आणि तरीही तिच्यात महिला सेवा संपूर्ण मंडळीच्या पातळीवर संघटित आहे.