फॉलोअर्स वाढले की गिऱ्हाईक वाढतं? नाही वाढत, का ते सांगते

गेले काही दिवस एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, छोट्या धंदेवाल्यांसाठी. त्यात म्हटलंय की रोज तीन पोस्ट टाका, सगळीकडे अकाउंट काढा, दहा हजार फॉलोअर्स झाले की धंदा आपोआप चालतो, कमी पडले तर विकत घ्या, आणि हे सगळं फुकटात होतं. मी घरी कापडी पिशव्या शिवून विकते, यातलं बरंचसं करून बसलेय, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी फॉलोअर्सचं. फॉलो केलं म्हणजे तुमची पोस्ट त्या माणसाला दिसतेच असं नाही हो. इन्स्टाग्रामने 2016 मध्येच वेळेप्रमाणे पोस्ट दाखवायचं सोडलं, आणि फेसबुकने 2018 च्या जानेवारीत सांगूनच टाकलं की आता मित्र-नातेवाईकांच्या पोस्ट आधी, पेजेसच्या नंतर. बरं, दिसली तरी कुणाला दिसली ते बघा. मी चेन कशी लावायची याचं एक रील टाकलं, ते हजारो लोकांनी बघितलं, मी दिवसभर खूश, पण कमेंट वाचल्या तर सगळ्या "ताई मशीन कुठली?", म्हणजे बघणारे सगळे शिवणारेच, घेणारं कुणी नाही, आणि त्या रीलवरून एकही पिशवी गेली नाही. नंतर एक अगदी साधा फोटो टाकला, पिशवीत लॅपटॉप आणि पाण्याची बाटली ठेवलेली, बाजूला माझा हात म्हणजे आकार कळावा, खाली लांबी-रुंदी, धुता येते का, किती दिवसात मिळेल. लाईक मोजून एकोणीस, पण ऑर्डर त्याच फोटोवरून आल्या. घेणाऱ्याला जे विचारायचं असतं ते आधीच सांगून टाका, बास.

विकतचे फॉलोअर्स तर अजिबात नको. एकतर ते इन्स्टाग्रामच्या नियमात बसत नाही, असली खाती ते काढून टाकतात. आणि राहिली तरी ती ना काही सेव्ह करतात, ना कुणाला पाठवतात, ना विकत घेतात. शिवाय खरं गिऱ्हाईक येऊन बघतं की एवढे फॉलोअर्स आणि कमेंट एकही नाही, तिथेच त्याचा विश्वास उडतो.

रोज तीन पोस्टचं म्हणाल तर मी दोन महिने केलं. संध्याकाळ सगळी फोटो आणि कॅप्शनमध्ये जायची, आणि इनबॉक्समध्ये "मोठी साईज आहे का?" असं रात्री विचारलेलं मी दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचे, तोवर "घेतली दुसरीकडून, थँक्यू". आता आठवड्याला दोनच पोस्ट, उरलेला वेळ उत्तरांना. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या धंद्यासाठीच्या ॲपमध्ये क्विक रिप्लाय (तयार उत्तरं) आहेत, माप आणि डिलिव्हरीचं उत्तर एकदाच टाईप करून ठेवलंय, चॅटला "पैसे बाकी", "पाठवायची" अशी लेबलं लावते, कॅटलॉग पण तिथेच. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट लिस्टवरचा, म्हणजे एकदम बऱ्याच जणांना पाठवलेला, मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून पार्सल पाठवताना मी प्रत्येकाला सांगते, नंबर सेव्ह करून ठेवा.

सगळीकडे अकाउंट काढायचं तर सोडाच, एकट्या माणसाला दोन जागा नीट सांभाळता आल्या तरी खूप.

राहिलं फुकटचं. वेळ जातो तो काय फुकटचा असतो का? आणि जागा दुसऱ्याची आहे, हे पण विसरू नका. वाईन (Vine) नावाचं छोट्या व्हिडिओंचं ॲप होतं, त्यावर लोकांनी लाखो फॉलोअर्स जमवले होते, 2017 मध्ये ते ॲपच बंद झालं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम जवळजवळ सहा तास बंद होतं, माझ्या त्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डर चॅटमध्ये, नंबर कुठेच लिहिलेले नाहीत, कुणाला फोन करणार? तेव्हापासून एक वही केलीय, नाव, नंबर, काय घेतलं, कधी घेतलं. आता ऑर्डर आली की आधी वहीत उतरवते आणि मग कापड कापायला घेते.