समुद्र वाचवणाऱ्या संस्थांवरचा तो मेसेज, आणि आपली पंचगंगा

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्र आणि सागरी जीव वाचवणाऱ्या संस्था म्हणजे परदेशी पैशावर चालणारी दुकानं. कासवांच्या नावाखाली त्या गरीब मच्छीमारांच्या पोटावर पाय देतात. आजवर त्यांनी काहीही करून दाखवलेलं नाही, किनारा सफाई फक्त फोटोपुरती असते. आणि कोल्हापूरला समुद्रच नाही, मग आपण वर्गणी का द्यायची? अनेकांनी ‘अगदी बरोबर’ म्हणत तो पुढे ढकललाय. मला तो चुकीचा वाटतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मच्छीमारांचा, कारण मनाला लागणारा मुद्दा तोच आहे. कोकणातल्या छोट्या मच्छीमाराच्या पोटावर पाय कुणी दिला, हे मालवणच्या रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणाऱ्यांना विचारा. ते अख्खी झुंड वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांचं आणि एलईडी दिव्यांचं नाव घेतील. रात्री समुद्रात प्रखर दिवे सोडायचे, उजेडाला मासळी गोळा झाली की लहान पिलांसकट अख्खी झुंड वेढून उचलायची. किनाऱ्यालगत रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला मग काय उरणार? पर्ससीनवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. यासाठी पारंपरिक मच्छीमारच वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होते. मच्छीमार एका बाजूला आणि समुद्र वाचवणारे दुसऱ्या बाजूला, ही मेसेजमधली मांडणी इथेच कोसळते.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला तर जाळं कापावं लागतं, आणि ते नुकसान गरिबाने का सोसावं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यावर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे: संरक्षित जीव जाळं कापून सोडला, त्याचे फोटो दिले, की २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. गुजरातेत तर व्हेल शार्कची शिकार होत होती. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने कथाकार मोरारी बापूंना सोबत घेऊन गावोगाव प्रचार केला. त्यानंतर शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून सोडले.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने मान्य करतो. लोकांना विश्वासात न घेता लादलेलं संरक्षण टिकत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि स्थानिकांचा विरोध पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. पण तो दोष पद्धतीचा होता, आणि दुसरी पद्धत आपल्याच किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात दिसते.

‘काहीही करून दाखवलेलं नाही’ याचं उत्तरही वेळासच आहे. तिथे पूर्वी कासवाची अंडी वाळूतून काढून नेली जायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये काम सुरू केलं, तेही गावकऱ्यांनाच सोबत घेऊन. पहाटे किनारा पालथा घालायचा, वाळूवर मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग दिसला की घरटं शोधायचं. मग अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरायची. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात आणि पिल्लं पाण्याच्या दिशेने वाळूवर सोडतात. पाण्यापर्यंतचं अंतर ती स्वतःच्या पायांनी कापतात. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो, पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरगुती जेवण जेवतात. अंड्यांचे चार पैसे मिळायचे त्या गावाला आता जिवंत पिल्लांमुळे उत्पन्न मिळतं. पुढे वन विभागाने हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही नेलं.

जगातलं उदाहरण हवं असेल तर देवमासे घ्या. १९७५ पासून ग्रीनपीसचे कार्यकर्ते शिकारी जहाजांसमोर छोट्या बोटी घालत होते. १९८२ मध्ये देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला, आणि हंपबॅक देवमाशांची संख्या त्यानंतर अनेक समुद्रांत सावरली.

मेसेजमध्ये आणखी एक टोमणा आहे: ‘२०५० मध्ये समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त’ हा आकडा थाप आहे. तो आकडा कच्चा आहे, हे खरं. २०१६ च्या एका अहवालातला तो अंदाज, आणि समुद्रात एकूण मासे किती हेच कुणी नेमकं मोजू शकत नाही. संस्थांनी तो घोकणं सोडावं. पण आकडा कच्चा म्हणून प्लास्टिक खोटं ठरत नाही.

आता कोल्हापूर. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. शहरातल्या जयंती नाल्याचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी, साखर कारखान्यांची घाण याच वाटेने निघते. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत, त्यामुळे आपली प्रत्येक पिशवी समुद्रात पोचते असं मी म्हणणार नाही. बरीचशी अडते, गाळात रुतते. पण पूर आला की काय काय वाहून जातं हे २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलंय आपण. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना पिशव्या लोंबत होत्या, आणि अडकल्या होत्या तेवढ्याच त्या दिसल्या.

कुणी म्हणेल, पूर्वेचा समुद्र वेगळा, आपली मासळी येते ती पश्चिमेकडून. बांगडा, सुरमई रत्नागिरी-मालवणहून घाट चढून येते, बरोबर. राधानगरी धरण भरतं तेही अरबी समुद्रावरून आलेल्या पावसानेच. पण ओडिशात मार्च २०२१ मध्ये वल्ह्यासारख्या पायाला खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. १२० अंडी. आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह-टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. या जीवांना दोन समुद्र ठाऊक नाहीत, आणि कोल्हापूरचं एकाशी घाणीचं तर दुसऱ्याशी पोटाचं नातं आहे.

किनारा सफाई एकटी पुरत नाही, हे ती करणाऱ्यांनाच आधी कळलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईतल्या वर्सोव्याचा किनारा उपसायला घेणारे अफरोज शाह पुढे मिठी नदीत उतरले, कारण कचरा येतो तिथूनच. कोल्हापुरात याचा अर्थ जयंती नाला नदीत मिसळण्याआधी अडवणं आणि त्यावर प्रक्रिया करणं. ज्यांना समुद्राची पर्वा आहे त्यांनी यासाठी महापालिकेच्या मागे लागावं.

राहिला पैसा. परदेशी देणगी घ्यायला केंद्राची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते आणि त्यातली २० टक्क्यांहून जास्त रक्कम प्रशासकीय खर्चावर घालता येत नाही. शिवाय दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. काही संस्था तरीही लबाड निघतील. म्हणून कुणी वर्गणी मागितली तर नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा, काम कुठल्या गावात चालतं ते विचारा आणि त्या गावात एखादा फोन लावा. धड उत्तर मिळालं नाही तर खुशाल नकार द्या.