वर्ध्याचा डब्ल्यू

चार दिवस झाले, माझा उजवा अंगठा अजून दुखतोय.

मेव्हण्याने म्युनिकहून लँडलाइनचा कॉर्डलेस आणला. त्याच्या तारेला जर्मन टीएई प्लग, तो आपल्या आरजे-११ च्या भोकात जाईना, म्हणून तार बदलली. "भावजी, यावर मेसेंजर चालतो, ईमेल आली की वाजतो," एवढं सांगून मेव्हणा विमानात बसला. हे सगळं मोबाइल करतो हे मलाही कळतं. पण मोबाइल घरात कुठे आहे हे मला कधीच माहीत नसतं. कॉर्डलेस निदान आपल्या पाटावर बसून असतो.

मेलवाल्यांनी माझा नेहमीचा पासवर्ड नाकारला आणि या फोनपुरता वेगळा, १६ अक्षरांचा काढून दिला. तो कॉम्प्युटरवर दिसणार आतल्या खोलीत, दाबायचा बाहेर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे नाना आले.

नाना टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. लायटनिंग कॉलला, म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडून मिळणाऱ्या ट्रंक कॉलला, साध्याच्या आठपट पैसे पडायचे त्या काळातले, आणि अजूनही आठपटच आवाजात बोलतात. "तुम्ही दाबा, मी सांगतो," म्हणाले आणि आतल्या खुर्चीत बसले.

"के कोल्हापूर!"

पाचचं बटण दोनदा.

"एस सातारा!"

सातचं चारदा. तिसऱ्यांदा दाबताना स्क्रीनचा दिवा गेला.

"वर्धा!"

मी आठचं बटण तीनदा दाबलं. सोळा अक्षरं झाली, ओके केलं. पासवर्ड चुकीचा. स्क्रीनवर नुसत्या चांदण्या, कुठली चुकली ते ब्रह्मदेवालाही कळू नये. पुन्हा कोल्हापूर, पुन्हा सातारा. तीनदा. चौथ्यांदा मी आत जाऊन पाहिलं.

"नाना, हा डब्ल्यू आहे!"

"मग मी काय सांगतोय? वर्धा!"

"मी व्ही दाबत होतो."

"व्ही वेंगुर्ल्याचा! वर्धा डब्ल्यू, वाशीम डब्ल्यू. एवढं साधं! तुमच्यासारखा ऑपरेटर असता तर मुंबईचा कॉल मालेगावला लागला असता."

माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन. शाळेत मास्तरांनी 'व'ला दोन इंग्रजी अक्षरं का, हे कधी समजावलं नाही, त्याचा हिशेब साठाव्या वर्षी माझ्या अंगठ्याने चुकवायचा?

तरी फोन जोडला जाईना. पोर्ट, म्हणजे मेल आत यायच्या दाराचा नंबर, ११० होता, तो ९९५ केल्यावर एकदाचा शिरला. मग मेसेंजर. खातं उघडलं, हिरवा ठिपका लागला. यादीत दुसरं कोणीच नाही. संपूर्ण पुण्यात कॉर्डलेसवर मी एकटाच उपलब्ध. दुसरं खातं काढून कॉम्प्युटरवरून मलाच लिहिलं, "पोचलं का?" फोनवर सात-आठ चौकोन उमटले. जर्मन माणसाने युरोपातल्या यच्चयावत भाषा घातल्यात, मराठीला चौकोन. नाना म्हणाले, "तार बरी होती. इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठी कळायची." २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हापासून नाना ती बरी होती असंच म्हणतात. त्या दिवशी मात्र मला उत्तर सुचलं नाही.

"आणि वाजलं का? मला ऐकू आलं नाही." नानांना ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण वाढवला. तो कमी करायचा राहिला.

रात्री पावणेतीनला फोन केकाटला. आमच्याकडे लँडलाइन त्या वेळी एकाच कारणासाठी वाजते. बायको ताडकन उठून बसली. "कोण गेलं?"

मी चष्मा शोधला. स्क्रीनवर चौकोन, चौकोन, चौकोन, आणि शेवटी ५०%. कुठल्या तरी गाद्यांचा सेल.

सकाळी सहाला बेल वाजली. दारात नाना, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. "रात्री फोन ऐकला. कोणाकडचं?"

"गादीवाल्याकडचं," मी म्हणालो.

"अरेरे. तुमच्या नात्यातला?" म्हणत नाना आत येऊन बसले.