१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर (मिसळ सेंटर, कोल्हापूर)

नमस्कार दादा, तुम्ही रविवारी आलेलात, ४० मिनिटं थांबायला लागलं, एक्स्ट्रा कट गार आला आणि पोराला सांगितलं तर तो नुसता बघत राहिला, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी गल्ल्यावरच होते. रविवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते आणि आम्ही काय करायचो, घाईत वाढायला बादली काठोकाठ भरून ठेवायचो, मग शेवटच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर कट कोमट होतो. सोमवारपासून बादली अर्धीच भरतोय, संपली की परत गॅसवरच्या पातेल्यातनं. चूक आमचीच, माफ करा.

पण दादा, पोराचा व्हिडिओ. तो १९ वर्षांचा आहे, कामाला लागून ३ आठवडे झालेत, गावाकडचा आहे आणि कुणी ओरडलं की त्याला बोलायलाच सुचत नाही. तुम्ही त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला, रीलवर त्याच्या बोलण्यावरनं आणि आईवरनं लिहिलं, ते फिरत फिरत त्याच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं आणि बहिणीने घरी दाखवलं. दोन दिवस तो कामावर आला नाही. कट गार होता तर मला बोला, हॉटेलचं नाव घेऊन बोला, पाटी माझी आहे. त्याचा चेहरा कशाला?

आता आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना पण सांगायचंय. ह्या दादांच्या प्रोफाईलवर जाऊन शिव्या घालताय, एकाने तर त्यांचा नंबर शोधून टाकला, ते आधी डिलीट करा. माझ्या बाजूने म्हणून करत असाल तरी मला ते नकोय, त्यांच्या घरी पण आई आहे. आणि जे सांगतायत की पोरांना बसवून ५० फाईव्ह स्टार टाकून घ्या, ते पण होणार नाही, खोटे रिव्ह्यू गुगलच्या नियमात बसत नाहीत आणि माझ्याही नाही. एकाने सल्ला दिला की आयटी ॲक्टचं ६६अ लावा, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिलं तर शिक्षा करायचं कलम. माझी पोरगी वकिली शिकते, ती म्हणाली ते कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ लाच रद्द केलंय, आणि असतं तरी मी लावलं नसतं, मिसळ आवडली नाही हे सांगायला कुणाला भीती वाटू नये.

तर दादा, रिव्ह्यू काढू नका, १ स्टार राहू दे, कट गार होता हे लोकांना कळू दे. तो काढा म्हणून फुकट मिसळ पण देणार नाही. फक्त रील काढा आणि ज्या ग्रुपवर टाकलं तिथं पण काढायला सांगा. पोरगा आजपासून परत कामावर आलाय, सध्या आत कांदा चिरायला बसवलाय, बाहेर वाढायला जायचं नाही म्हणतो.

सकाळी ७ ते १ मी गल्ल्यावर असते.