इंचभर जमीन घेतली नाही म्हणे!

रविवारी सकाळी मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला: 'अमेरिका – कुणाची इंचभर जमीन न घेता महासत्ता झालेला एकमेव देश'. असलं काही मी एरवी वाचतही नाही. पण मामेबहिणीची सातवीतली मुलगी तो वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करतेय म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी ती इंचभर जमीन. १८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून खाली खेचलं, तेव्हा तिच्या राजवाड्याजवळ अमेरिकी नौसैनिक तैनात होते. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत सामील. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याबद्दल ठराव करून माफी मागितली. न घेतलेल्या जमिनीची माफी कोण मागतं? स्पेनकडून घेतलेली पोर्तो रिको आणि ग्वाम ही बेटं तर अजून ताब्यात आहेत.

'फिलिपिन्सला स्पेनच्या जाचातून सोडवलं' हे वाचून मात्र डोकं तापलं. अमेरिका आणि स्पेनचं युद्ध चालू असताना फिलिपिनी बंडाचा नेता आगिनाल्दो याने १२ जून १८९८ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, मनिलाला वेढा घालून बसले होते ते फिलिपिनी सैनिक. १३ ऑगस्टला अमेरिकी आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांनी आधीच ठरवून लुटुपुटूची लढाई केली आणि शहराचा ताबा बदलला. फिलिपिनींना तटाच्या आत येऊ द्यायचं नाही, ही त्यातली बोली. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. फिलिपिन्स अमेरिकेकडे गेलं, बदल्यात स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले, फिलिपिनी प्रतिनिधीला बैठकीत पाऊलही टाकू दिलं नाही.

मग १८९९ ते १९०२ अमेरिका आणि फिलिपिनी यांचं युद्ध. अमेरिकी परराष्ट्र खात्याचंच इतिहास कार्यालय सांगतं: ४,२०० हून अधिक अमेरिकी आणि २०,००० हून अधिक फिलिपिनी सैनिक मेले, हिंसाचार, उपासमार आणि रोगराईत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं गेली. फिलिपिन्समधल्या सामार बेटावर अमेरिकी जनरल स्मिथने दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला. त्याच्यावर खटला चालला, शिक्षा काय, तर समज आणि सेवानिवृत्ती. भाषण करणारी आमची मुलगी बारा वर्षांची आहे.

अमेरिकेने तिथे शाळा काढल्या, हे मान्य. १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजातून सुमारे ५०० शिक्षक आले. पण 'इंग्रजांनी रेल्वे दिली' असं कुणी म्हटलं की सगळ्यांत आधी उसळतात ते मामाच!

'स्वखुशीने स्वातंत्र्य दिलं' म्हणे. १९३४च्या अमेरिकी कायद्याने दहा वर्षांचा वायदा केला आणि फिलिपिनींच्या अमेरिकाप्रवेशावर लगेच वर्षाला ५० माणसांची मर्यादा घातली. तिथली स्वस्त साखर आणि स्वस्त मजूर अमेरिकेतल्या बऱ्याच जणांना खुपत होते. स्वातंत्र्य उजाडलं १९४६ मध्ये.

बाकीचं थोडक्यात. १९३०च्या दशकातले अमेरिकी अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या सुधारणा मेसेजात म्हटल्याप्रमाणे 'सर्वांसाठी' नव्हत्या: १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय तीच कामं करत. 'महायुद्धाने भेदभाव मिटवला' म्हणणाऱ्याने १९४२ मध्ये अमेरिकेने छावण्यांत डांबलेल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना विचारावं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. बायका कारखान्यांत गेल्या हे खरं, पण युद्ध संपताच त्यातल्या कितीतरी जणींना घरी पाठवलं.

मामा, स्पर्धा शुक्रवारी आहे. आगिनाल्दोचं नाव मी तिला लिहून दिलंय. 'इंचभर' वालं वाक्य तेवढं तुम्ही तिच्या वहीतून खोडा, माझं ती ऐकत नाही.