खाटेशेजारचा माणूस

वृद्धाश्रम वाढले, मुले परदेशी गेली, आईवडील एकटे पडले, या वाक्यांभोवती आपल्याकडची ज्येष्ठांविषयीची चर्चा कित्येक वर्षे फिरत आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला आणि २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे दार उघडले, म्हणजे सांभाळायचे कोणी आणि पैसे भरायचे कोणी याचा विचार निदान सुरू झाला. दवाखान्यात दाखल झालेल्या म्हाताऱ्या माणसाशी वागायचे कसे, याची चर्चा मात्र मला आपल्याकडे फारशी ऐकू येत नाही. मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे आणि मला हा प्रश्न आधीच्या दोन्हींइतकाच मोठा वाटतो.

दिवेलागणीला एखादे आजोबा चादरीचा काठ चिवडू लागतात, सलाईनची नळी ओढतात, समोर नसलेल्या माणसाशी बोलतात. आपण त्याला वात झाला म्हणतो आणि 'वयाप्रमाणे होणारच' म्हणून सोडून देतो. मला इथे शिकवले गेले ते असे, की वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचे, मग डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगायचे. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज ऑक्टोबरपाशीच अडखळला, तर तो आजार आहे असे धरून लघवी तुंबली आहे का, पोट साफ झाले आहे का, पाणी कमी पडले का, जंतुसंसर्ग आहे का, झोपेची नवी गोळी सुरू केली आहे का, हे सगळे तपासायचे. एका आजोबांची भलतीसलती उत्तरे मी कागदावर लिहूनही घेतली होती, आणि मग लक्षात आले की त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरीच संपली आहे. ती बदलल्यावर ते जानेवारीपर्यंत एका दमात पोहोचले. तेव्हापासून मी आधी कान आणि चष्मा पाहते, प्रश्न नंतर विचारते.

मागच्या खेपेस मी घरी आले, तेव्हा माझ्या मामींचे खुब्याचे ऑपरेशन झालेले होते. डॉक्टरांनी 'यांना दुखतंय का?' असे मामेभावाला विचारले, भावाने 'हो, खुब्यात' म्हणून सांगितले, गोळी वाढवली गेली. मामी जाग्या होत्या. ते गेल्यावर मी त्यांनाच विचारले, तर म्हणाल्या, "खुबा नाही गं, टाच." पांघरूण बाजूला केले तर टाच लालभडक झालेली होती, 'अजिबात हलायचं नाही' या घरच्यांच्या मायेपोटी त्या चार दिवस एकाच कुशीवर होत्या. इंग्लंडमध्ये २००५ चा एक कायदा सांगतो, की उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक सज्ञान माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असेच मानावे. आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या वतीने मुलगा उत्तर देतो आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तरीही इथला वॉर्ड हा आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. रात्री एखाद्या आजी आईला हाका मारत असतात आणि मला दुसऱ्या खाटेकडे धावावे लागते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ घरच्या माणसाला थांबू द्यावे, एवढ्यासाठी इथे २०१४ मध्ये 'जॉन्स कॅम्पेन' नावाची चळवळ उभी करावी लागली. आपल्याकडे ते माणूस खाटेशेजारी चटई टाकून आधीच बसलेले असते. ओळखीचा आवाज भ्रमात किती आधार देतो, हे मी रोज पाहते. म्हणून त्या माणसाला दवाखान्याबाहेर काढा असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्याला दाखल करतानाच अर्धा तास शिकवा: कूस कधी बदलायची, टाचा कशा पाहायच्या, खुर्चीत कसे बसवायचे. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला, की आधी रुग्णाला बोलू द्यायचे.