कोयता पाहिजे? आधार दाखवा!

काल नाशकातल्या 'रविवार कारंजा' चौकात कोयता घ्यायला गेलो. जुन्याची मूठ निखळली, बांधावरच्या बाभळी वाटेत आल्यात, गायीला गजराज गवत रोज कापावं लागतं. दुकानदार म्हणतो, "काका, आधार कार्ड?" म्हटलं, बाबा, सिमकार्ड नको, कोयता दे. तर म्हणे वहीत नाव, नंबर, कशासाठी पाहिजे ते लिहा, आणि कोयता हातात धरून एक फोटो. तोही त्याच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये! उद्या तो कुठल्या ग्रुपवर फिरेल कोण जाणे. 'कशासाठी' पुढे मी 'बाभूळ' लिहिलं. त्याने खोडून 'घरगुती' केलं.

मी वही मिटली आणि तसाच निघालो.

पुण्यात 2023 साली कोयतेवाल्या पोरांनी उच्छाद मांडला तेव्हा पोलिसांनी दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार घ्यायला सांगितलं होतं. आता ज्याला त्याला तेच सगळीकडे पाहिजे. सुरीवर निर्बंध आणा, ऑनलाइन विक्री बंद करा म्हणे, उद्या विळीवरही येईल. अरे, कायदा काय कमी आहे का? 1959 चा शस्त्र कायदा आहे. 2016 च्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रात धरलीत, पण घरकामाची, शेतीची, कारखान्यातली अवजारं त्यातून चक्क वगळलीत. म्हणजे लिहिणाऱ्याला कळत होतं की शेतकऱ्याच्या हातात कोयता असणारच. वही घेऊन बसलेल्याला मात्र कळत नाही.

आणि सांगा, गाड्यांच्या काचा फोडणारं कुठलं पोरगं दुकानात जाऊन आधार दाखवतं? भंगारातला गाडीचा कमानपाटा घेतला, ग्राइंडरवर धार काढली, झाला कोयता. तलवारीने केक कापतात, वर त्याची रील टाकतात, तोंडं दिसतात, गाडीचा नंबर दिसतो. तिथं कुठली वही लागते हो? पकडा ना. (पकडतातही कधीकधी. मग हात जोडून माफी मागतानाची दुसरी रील येते.)

बंदुकीचंही तेच. 2019 मध्ये परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. आमच्या भावकीत एकाकडे आजोबांपासूनची बारा बोअर आहे. निवडणूक आली की बिचारा ती फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा करतो, पावती जपतो, नूतनीकरणाला खेटे घालतो. गावठी कट्टेवाल्याला ना परवाना, ना पावती, ना खेटे. नियम जितका कडक कराल तितका पावतीवालाच पिळला जाणार.

गुंडगिरी वाढलीय, मान्य आहे. संध्याकाळी सिडकोत बहिणीकडे जायचं तर मलाही धास्ती वाटते. पण त्यासाठी माझा फोटो काढून काय होणार?

आता बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर जाईन. तिथे घिसाडीण बसते, समोर भाता, शेजारी विळे-कोयत्यांचा ढीग. ती नाव विचारत नाही, "उजवे की डावखुरे?" एवढंच विचारते. तिच्याकडेही वही देणार आहात का? कोण भरणार ती?

पण बुधवार अजून लांब आहे. तोवर गायीपुढे काय टाकू, ती वही?